ओळखीच्या शब्दाची भीती

आमच्या वन्सं पालीला भीत नाहीत, कुत्र्याला भीत नाहीत, आणि माझ्या तोंडाला तर मुळीच भीत नाहीत. माझ्या तोंडाला माझा नवरासुद्धा भितो. वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण. यजमान वारले तेव्हा दोन ट्रंका घेऊन, दोन दिवसांचा प्रवास करून एकट्याच आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी गळा काढायच्या बेतात, तर बाईंचं पहिलं वाक्य काय? "आधी चहा टाक. रडायचं मागाहून बघू." अशी ही बाई शब्दांना मात्र भ्यायची. त्यातही परक्या शब्दांना नाही. ओळखीच्या शब्दांना.

हे काय भलतंच खूळ, असं मलाही वाटायचं. म्हणून नीट सांगते.

वन्संचं सासर पलीकडच्या मुलखातलं. अकरा वर्षं तिथं काढली, तिथली भाषा पाण्यासारखी बोलायला लागल्या. त्या भाषेतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही. पण मधूनच एखादा शब्द कानावर येतो आणि आपण म्हणतो, अरेच्चा, हा तर आपलाच! माणूस फसतो तो इथंच. कारण तो शब्द आपला नसतो आणि त्यांचाही नसतो. कधीकाळी दोघांनी कुठल्या तिसऱ्याच भाषेतून उसना आणलेला असतो, आणि आणल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या कामाला जुंपलेला असतो. आपल्याकडे खून म्हणजे माणसाला मारून टाकणं. त्यांच्याकडे खून म्हणजे नुसतं रक्त. एकदा आमच्या दवाखान्यात त्यांच्यातल्या एकाचा घोळणा फुटला आणि तो नाक धरून "खून, खून" करत जिना उतरला. रखवालदारानं फाटक बंद करून पोलिसांना फोन लावला होता!

वन्संच्या सासूनं पहिल्याच दिवशी शेजारणीला सांगितलं, ही आमची सून, गरीब आहे हो. वन्संचं डोकंच फिरलं. उठल्या आणि अंगावरचा एकेक दागिना शेजारणीच्या नाकासमोर धरला. नंतर कळलं, तिकडे गरीब म्हणजे परकी, लांबून आलेली. सासू बिचारी मायेनंच बोलत होती. ही गोष्ट सांगताना वन्सं स्वतःच पोट धरून हसायच्या. तेव्हा हसायच्या.

आमच्या गावात पुलाचं आणि धरणाचं काम निघालं, तशी पलीकडची माणसं हजारांनी आली. ती आजारी पडू लागली आणि मोठ्या दवाखान्याला दुभाषी हवा झाला. मी तिथं आधीपासून कापडखोलीत होते. कापडखोली म्हणजे चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. धुऊन आले की मोजायचे, घड्या घालायच्या, वॉर्डावॉर्डात पोचवायचे. वन्संना मीच साहेबांपुढे नेऊन उभं केलं. पहिली दोन वर्षं बाई अशा बोलायच्या की लाह्या फुटतायत. डॉक्टरचं वाक्य संपायच्या आत यांचं निम्मं सांगून झालेलं. डॉक्टर खूश, रोगी खूश, आणि माझी कॉलर ताठ.

मग तो म्हातारा गवंडी आला.

तो आत येऊन बसला आणि म्हणाला, सकाळपासून मी हैराण आहे. वन्संनी तो शब्द जसाच्या तसा पुढे सरकवला. "हैराण झालोय, डॉक्टर." आपल्याकडे हैराण म्हणजे दमलेला, कावलेला. उन्हाचे दिवस, वय झालेलं, डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवस झोपून राहा म्हणाले. पण त्यांच्याकडे हैराण म्हणजे भांबावलेला. त्या म्हाताऱ्याला सकाळी स्वतःच्या चपला ओळखता येत नव्हत्या, पोराचं नाव आठवत नव्हतं. तेच तो सांगायला आला होता. तिसऱ्या दिवशी त्याला उचलून आणला तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही.

वन्संना कुणी एका शब्दानं बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमची एकटीची चूक नाही, मीही खोदून विचारायला हवं होतं." म्हाताऱ्याच्या सुनेनं तर जाताना यांचे हात हातात घेतले. कुणीतरी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. या मोकळ्या झाल्याच नाहीत.

तेव्हापासून भीती घरात राहायला आली. वन्संनी एक वही केली. दोन्हीकडे सापडणारे शब्द तिच्यात. एका बाजूला आपला अर्थ, दुसऱ्या बाजूला त्यांचा. इशारा, हरकत, तकरार, तालीम, असे कितीतरी. पानं भरत गेली तशी बाई आणखी घाबरत गेल्या. मी म्हटलं, "अहो, चोरांची यादी केली की चोर कमी होतात का?" त्या म्हणाल्या, "यादीत नाही तो चोर कुठंय, त्याची भीती वाटते गं."

आणि थांबायला लागल्या. डॉक्टरांचं बोलणं पुरं ऐकायचं, मग वर छताकडे बघायचं, ओठ हलवायचे, एकेक शब्द चाळून घ्यायचा, ओळखीचा दिसला की बाजूला काढायचा, त्याच्याऐवजी दुसरा शोधायचा, आणि मग बोलायचं. चार सेकंद, पाच सेकंद, कधी दहासुद्धा. डॉक्टर मंडळी त्यांना मागे 'स्पीडब्रेकर' म्हणायची. घरात माझा नवरा म्हणायचा, "ताईला किती वाजले विचारू नका, सांगेपर्यंत वाजून जातात." मी तर फाडकन बोलायचे, "वन्सं, भाजीत मीठ घातलंय का, एवढंच विचारलं. कोर्टात साक्ष नाही काढली तुमची!"

पण जेवताना मध्येच त्यांचा घास हातात राहायचा. "मी त्या बाईला 'जेवणाआधी' असंच सांगितलं ना गं? 'जेवल्यावर' नाही ना?" मी होते कापडखोलीत, मला काय ठाऊक? पण त्यांचे हात हातात घेतले तर बर्फासारखे गार. मी बेधडक सांगायचे, "जेवणाआधीच म्हणालात. मी दारातच होते." धडधडीत खोटं. त्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा.

चार वर्षं अशी गेली. मग तो मंगळवार उजाडला.

सकाळचे साडेअकरा झाले असतील. सोनोग्राफीच्या खोलीतल्या चादरी बदलायच्या होत्या म्हणून मी गठ्ठा घेऊन गेले. आत टेबलावर एक पोरगी, असेल बावीस-तेवीसची. नवरा पुलाच्या कामावर, त्याला निरोप धाडला होता, तो अजून पोचायचा होता. आठवा महिना उलटलेला. कालपासून पोटातलं मूल हलत नाही म्हणून एकटीच चालत आली होती. टेबलाच्या या अंगाला नव्या डॉक्टर मॅडम आणि त्या अंगाला वन्सं. मी कपाटापाशी.

मॅडमनी यंत्राकडे पाहिलं, मग यंत्र बाजूला सरकवलं. त्यांना बोलायची घाई असते, पण स्वच्छ बोलतात. म्हणाल्या, "हिला सांगा, बाळाच्या छातीचे ठोके चालू आहेत. पण हालचाल फार कमी झालीय. आता थांबून चालणार नाही. आत्ता ऑपरेशन करून बाळ बाहेर काढायचं, म्हणजे ते वाचेल. सही घ्या."

वन्संनी वर पाहिलं.

काय अडलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या पोरीच्या भाषेत हालचालीला हरकत म्हणतात. आणि आपल्याकडे 'हरकत नाही' हे आपण उठता-बसता म्हणतो. ही पोरगी दोन वर्षं इथं राहिलेली, दुकानात, तिकिटाच्या खिडकीत, सगळीकडे 'हरकत नाही' ऐकलेली, आपले चार-दोन शब्द तेवढे उचललेली. तिच्या डोक्यात कुठली हरकत बसली असेल, त्यांची की आपली? हा शब्द नको. मग कुठला? वन्सं शोधत राहिल्या.

खोलीत नुसता पंख्याचा आवाज. एक, दोन, तीन. मी हातातली चादर झटकायची थांबले. चार, पाच. पोरगी डॉक्टरकडे बघतच नव्हती. ती वन्संच्या तोंडाकडे बघत होती. छताकडे लागलेले डोळे, हलणारे ओठ, शब्द मात्र बाहेर येत नाही. मीही तेव्हा त्या तोंडाकडे पाहिलं. हे तोंड बघून कुठलीही बाई एकच समजेल.

सहाव्या की सातव्या सेकंदाला वन्सं बोलायला लागल्या, पण पोरीच्या कानात काही शिरत नव्हतं. ती उठून बसली. माझ्या चादरीनं पोटावरचं चिकट जेल पुसलं. ओरडली नाही, रडली नाही. पायात चपलाही न घालता खोलीबाहेर चालत गेली, वाट फुटेल तशी, आणि बोळाच्या टोकाला बायकांच्या संडासात शिरून आतून कडी घातली.

आम्ही तिघी मागोमाग धावलो. रखवालदार आला, म्हणाला, तोडतो दार. मॅडम म्हणाल्या, "खबरदार! ती दाराला टेकून बसलीय. दार पोटावर आदळलं तर?" खरंच, दाराखालच्या फटीतून तिच्या परकराची कड दिसत होती. वर खिडकी म्हणावी तर वीतभर.

वन्सं दारापाशी खाली बसल्या. फरशी ओली होती, तशाच बसल्या. आणि बोलायला लागल्या. त्यांची भाषा मला कळत नाही, पण आवाज कळत होता. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. आजारी लेकराच्या कपाळावरून हात फिरवावा तसं बोलत होत्या. आतून पोरगी एकच वाक्य म्हणत होती, पुन्हा पुन्हा. मॅडमनी विचारलं, "काय म्हणतेय?"

दुभाष्यांची एक रीत असते. समोरचा जे बोलेल ते 'मी' म्हणून सांगायचं, 'ती म्हणते' असं नाही. वन्संनी तसंच सांगितलं. "मला कापू नका. जे गेलंय त्याच्यासाठी मला कापू नका."

मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. "आठ मिनिटं झाली. तिला सांगा ना, गेलेलं नाहीये, जिवंत आहे!"

"सांगतेय हो," वन्सं म्हणाल्या. "दहा वेळा सांगितलं. ती म्हणते, आधी गप्प बसलीस आणि आता समजूत काढतेस." पुन्हा दाराकडे वळल्या, तोंड उघडलं आणि पुन्हा थांबल्या. मी बघितलं ते. तिथंही, त्या ओल्या फरशीवरही बाई शब्द चाळत होत्या!

अकरा मिनिटं. बारा. मॅडम हळूच म्हणाल्या, "आणखी उशीर झाला तर मी काही सांगू शकत नाही."

मग मात्र माझं डोकं सटकलं. आपण भीतभीत काय उभ्या आहोत, आत एक जीव गुदमरतोय आणि बाहेर सगळे कुजबुजतायत! मी चादरींचा गठ्ठा तिथंच टाकला, पुढे झाले आणि दोन्ही हातांनी दार बडवलं.

"ए बाई! उघड दार! अक्कल गहाण टाकलीस का कुठं? पोर जिवंत आहे तुझं, आणि तू त्याला कोंडून बसलीस? आई आहेस का कोण आहेस? बाहेर ये मुकाट्यानं, नाहीतर माझ्याइतकी वाईट कुणी नाही! आणि माझी चादर घाण करून ठेवलीस ती निराळीच!"

चादरीचं का बोलले देव जाणे. तोंडाला येईल ते बोलत होते. आमच्या थोरल्या लेकीला परीक्षेच्या दिवशी उठवताना जशी बोलते, तशी. आमच्या भाषेत, त्यातलं तिला किती कळणार? रखवालदारानं माझा दंड धरला. वन्सं म्हणाल्या, "अगं, अगं, काय करतेस, तिच्यावर काय ओढवलंय..."

"काही ओढवलेलं नाही तिच्यावर! ओढवेल आता!" मी त्यांच्यावरही खेकसले. "उघड म्हणते ना!"

आतला आवाज थांबला. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे ती बेशुद्ध पडली, नाहीतर आणखी काही करून बसली. तेवढ्यात कडी सरकली.

पोरगी दारात उभी. घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिनं मॅडमकडे पाहिलं नाही, वन्संकडेही पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या अंगावर भार टाकून चालत जाऊन स्ट्रेचरवर आडवी झाली. कागदावर सही केली ती माझा हात धरूनच. तिला आत नेलं तेव्हा सतरा मिनिटं गेली होती. मॅडमनी मोजली होती, म्हणून मलाही ठाऊक.

मूल जिवंत निघालं. मुलगी. पण रडली नाही लगेच, आणि अंग निळं. काचेच्या पेटीत ठेवली. मॅडम म्हणाल्या, "आत्ता काही विचारू नका. वाट बघायची."

नऊ दिवस वाट बघितली. त्या नऊ दिवसांत आमचं घर कसं होतं ते सांगता येत नाही मला. वन्सं कामावर जायच्या, सांगितलं तेवढं बोलायच्या, आणि सुटी झाली की त्या काचेसमोर जाऊन उभ्या राहायच्या. घरी आल्या की तोंडातून अक्षर नाही. एकदाच म्हणाल्या, "म्हाताऱ्याच्या वेळी मी चुकीचं बोलले. आता न बोलता तेच केलं." एरवी सतरा थापा मारते, तेव्हा एकही सुचली नाही. मलाही रोज सकाळी धडकी भरायची, की आज दवाखान्यात गेल्यावर पहिलं कोण भेटेल आणि त्याचं तोंड कसं असेल. कापडखोलीत लहान मापाच्या चादरी हाताला लागल्या तरी मी त्या दुसऱ्या बाईकडे सरकवायचे.

दहाव्या दिवशी मूल आईच्या कुशीत दिलं. दूध ओढायला लागलं होतं, हातपाय झाडत होतं. मॅडम म्हणाल्या, पुढं वर्षभर तपासत राहू, पण आत्ता तरी सगळं बरं दिसतंय. आणि त्या पोरीनं निरोप पाठवला, ती ओरडणारी बाई कुठंय, तिला बोलवा.

मी गेले. बोलायचं म्हणजे वन्सं बरोबर हव्यातच. त्या माझ्या मागं मागं, चोरासारख्या. पोरीनं पोर माझ्या हातात दिलं. हातभर सुद्धा नाही, पण मूठ अशी आवळलेली की माझंच पोरगं शोभावं. मी म्हटलं, "काय गं, एवढं ओरडले तुला, राग नाही आला?" वन्संनी सांगितलं. पोरगी हसली, आणि हळूहळू, बरंच बोलली. वन्सं आपल्या रीतीप्रमाणे 'मी' म्हणून सांगत गेल्या.

"तुझं बोलणं मला कळलं नाही. पण तू चिडली होतीस ते कळलं. मग माझ्या मनात आलं, जिचं मूल मेलंय तिच्यावर असं कुणी चिडत नाही. कुणाची छातीच होणार नाही. म्हणजे माझं मूल मेलेलं नाही. म्हणून मी कडी काढली."

मी पोराचं टोपडं बांधायच्या निमित्तानं मान खाली घातली. तेवढ्यात पोरगी वन्संकडे हात करून आणखी काहीतरी बोलली. एवढंसं, एकच वाक्य. आवाजात राग नव्हता. पण वन्सं काही सांगेनात. मी वर पाहिलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

वन्संनी छताकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत सरळ सांगितलं. "आणि ही बाई इतकं मायेनं बोलत होती, की माझी खात्रीच पटली होती, मूल गेलं म्हणून."

माझ्या हातातलं पोर चुळबुळत होतं. मी म्हटलं, "वन्सं, अहो, हे तरी गाळायचं. हे मला सांगायची काय गरज होती?"

"मग कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या. "एकटीला ऐकवेना मला."